२०६ कुठे गेला? एका नोमिक खेळातला क्रमांकांचा घोळ

ठराव ३१३ वरचं मतदान संपलं होतं. चार होकार, दोन नकार. ठराव चारच शब्दांचा होता, त्यात भांडायला काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं: ‘नियम २०६ रद्द करावा.’ अर्ध्या तासाने आमच्यातल्या वकिलाचा निरोप आला. ‘२०६ नावाचा नियम या खेळात चार डावांपूर्वीच संपलाय. रद्द नेमकं काय केलंत?’

पुढचे नऊ दिवस एकही नवा ठराव आला नाही. त्या नऊ दिवसांत काय झालं आणि त्याची मुळं किती आधी रुजली होती, त्याची ही नोंद. यात माझी बाजू आहे हे आधीच सांगून टाकतो. घोळाला सुरुवात झाली ती दुरुस्ती माझीच होती.

खेळाबद्दल थोडं

नोमिक ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: पीटर सबर या अमेरिकी तत्त्वज्ञाने हा खेळ रचला आणि डग्लस हॉफस्टॅटर यांनी जून १९८२ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरातून तो लोकांपुढे आणला. यात सोंगटी हलवायची नसते, नियम हलवायचे असतात. आपला डाव आला की एक नियमबदल सुचवायचा, सगळ्यांनी मत द्यायचं. नवा नियम आणता येतो, जुना दुरुस्त करता येतो, रद्द करता येतो. मत कसं द्यायचं हा नियमसुद्धा बदलता येतो.

सुरुवातीला २९ नियम हाती मिळतात. १०१ ते ११६ हे सोळा सहज न बदलणारे आणि २०१ ते २१३ हे तेरा बदलता येणारे. सबरने त्यांना कायद्याच्या भाषेतली भारदस्त नावं दिली आहेत. आम्ही पहिल्या दिवसापासून पक्के आणि कच्चे म्हणतो. पक्का नियम बदलायचा तर आधी सर्वानुमते त्याला कच्चा करावा लागतो, मग पुढच्या एखाद्या डावात हात लावता येतो. पक्का आणि कच्चा भिडले तर पक्का जिंकतो.

या प्रकरणात तीन नियम महत्त्वाचे आहेत.

पहिला १०८, पक्का. तो सांगतो की योग्य रीतीने मांडलेल्या प्रत्येक ठरावाला क्रमांक मिळेल, सुरुवात ३०१ पासून, आणि ठराव मंजूर होवो वा पडो, क्रमांक खर्ची पडला तो पडला. इथवर सरळ आहे. त्याचा पुढचा भाग लोक वाचतात आणि विसरतात: एखादा नियम दुरुस्त झाला की त्याचा जुना क्रमांक जातो आणि ज्या ठरावाने दुरुस्ती केली त्याचा क्रमांक त्याला लागतो. रद्द झालेला नियम परत आणला तरी तेच. पक्क्याचा कच्चा केला तरी तेच.

दुसरा २११, कच्चा. दोन कच्चे नियम एकमेकांच्या आड आले तर लहान क्रमांकाचा नियम चालतो. एखाद्या नियमात ‘मी अमक्याच्या वर आहे’ किंवा ‘अमक्याच्या खाली आहे’ असं लिहिलेलं असेल तर मात्र तसं.

तिसरा २०२, म्हणजे गुण. समोरासमोर बसून खेळताना फासा टाकतात. दूरवरून लिहून खेळायचं असेल तर सबरने वेगळा हिशोब दिला आहे: ठरावाच्या क्रमांकातून २९१ वजा करायचे, उरलेल्याला होकारांच्या प्रमाणाने गुणायचं आणि जवळचा पूर्णांक धरायचा. ३०१ ला सहापैकी सहा होकार मिळाले तर १० गुण. ३१५ ला तेवढेच मिळाले तर २४.

हे तिन्ही एकत्र वाचले तर दिसतं की एकाच आकड्याच्या गळ्यात तीन कामं आहेत. तो नियमाचं नाव आहे, नियमाची पायरी आहे आणि वर खेळाडूचा पगारही ठरवतो. आम्ही मात्र तिन्ही वेगवेगळ्या दिवशी वाचले.

सहा जण, पहिली फेरी

नावं लिहीत नाही. डावाच्या क्रमाने: पहिला गणितवाला. दुसरी संपादनाचं काम करणारी, स्वल्पविरामावरून भांडणारी. तिसरा मी. चौथी नोंदवही ठेवणारी, म्हणजे नियमांची सामायिक प्रत तीच अद्ययावत करायची. हे काम तिला कुठल्याही नियमाने दिलेलं नव्हतं. ‘नोंदवही’ हा शब्दच नियमांत नव्हता. कुणीतरी करायला हवं म्हणून ती करत होती. पाचवा वकील. सहावा आमच्यात सर्वांत धाकटा.

पहिल्या दोन फेऱ्यांत ठराव एकमतानेच मंजूर होतो आणि ठराव पडला तर नियम २०६ प्रमाणे मांडणाऱ्याचे दहा गुण जातात. माझा ३०३ पडला. तीन होकार होते, म्हणजे १२ च्या निम्मे सहा गुण मिळाले, दहा गेले, मी उणे चारवर. कागदावर ‘-४’ बघून सगळे हसले आणि नोंदवहीवालीला बहुधा माझी दया आली. तिने ३०४ मांडला: ‘कोणत्याही खेळाडूचे गुण शून्याखाली जाणार नाहीत.’ सहाच्या सहा होकार. नियमबदल मागच्या तारखेपासून लागू होत नाहीत, त्यामुळे माझे उणे चार तसेच राहिले. पण पुढच्यांची सोय झाली असं आम्ही समजलो.

वकिलाचा ३०५ किरकोळ होता, पण शेवटी त्याच्याकडे यायचं आहे म्हणून इथेच देतो: ‘नियम २०६ खाली गुण गमावलेल्या खेळाडूला पुढच्या ठरावावर सर्वांत शेवटी मत देण्याचा हक्क राहील.’ सगळ्यांची मतं बघून मग आपलं ठरवायचं, एवढाच फायदा. तोही एकमताने झाला.

मग धाकट्याचा ३०६ आला आणि आपटला. दोन होकार. आता त्याचे गुण किती? १५ गुणिले दोन षष्ठांश, म्हणजे ५ मिळाले. १० गेले. साधा हिशोब उणे पाच. पण ३०४ म्हणतो शून्याखाली नाही, म्हणजे शून्य. त्यात गणितवाला म्हणाला, दंड आधी धरला तर शून्यातून दहा जाऊच शकत नाहीत, मग मिळालेले पाच तसेच, म्हणजे पाच. एका खेळाडूचे एकाच वेळी उणे पाच, शून्य आणि पाच असे तीन गुण.

वाद झाला की ज्याचा डाव आहे त्याच्या आधीचा खेळाडू पंच होतो, हा नियम २१२. ३०६ ला पंच वकील होता. त्याने दोन ओळींत निकाल दिला: २०६ म्हणतो दहा जातील, ३०४ म्हणतो जाणार नाहीत. हा सरळ विरोध आहे. २११ प्रमाणे लहान क्रमांक चालतो. २०६ चालतो. उणे पाच.

निकाल बिनचूक होता. त्यातून निघालेली गोष्ट मात्र कुणी मोठ्याने म्हटली नाही. खेळात गुण वजा करणारा नियम २०६ हा एकच होता, आणि ३०४ त्याच्यापुढे कायम हरणार होता. म्हणजे सहा जणांनी एकमताने मंजूर केलेला नियम जन्मला तोच निष्प्राण. नोंदवहीवालीने त्यात ‘हा नियम २०६ च्या वर आहे’ एवढी शेपटी जोडायला हवी होती. २११ तशी मुभा देतो. आता ती जोडायची तर एक डाव खर्च करावा लागणार, म्हणून तिने नाद सोडला.

माझी निष्पाप दुरुस्ती

दुसऱ्या फेरीत माझा डाव आला तेव्हा मी ३०९ मांडला: नियम २०६ मध्ये ‘दहा’ ऐवजी ‘पाच’. एकमताने मंजूर. १८ गुण मिळाले, मी १४ वर. माझ्या डोक्यात दंड कमी करण्यापलीकडे काही नव्हतं.

पण १०८ प्रमाणे त्या क्षणी २०६ हा क्रमांक संपला. दंडाचा नियम आता नियम ३०९ झाला. आणि ३०९ हा ३०४ पेक्षा मोठा आहे. काल ३०४ ला वर मान काढू न देणारा नियम आज ३०४ च्या खाली गेला, तोही कुणी पायऱ्यांबद्दल अवाक्षर न काढता. मेलेला ३०४ उठून बसला. मी दहाच्या जागी पाच केले आणि तेवढ्याने दोन नियमांची अख्खी जागा बदलली.

१०८ आणि २११ यांच्या मिश्रणातली ही विचित्र गोष्ट आहे आणि ती थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. नियमाला हात लावला की तो घसरतो. एखादा नियम बळकट करायला घ्या, त्यात अपवाद बुजवा, शब्द घट्ट करा. मंजूर होताच तो रांगेत सर्वांत मागे जाऊन उभा राहतो. उलट ज्याकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलं तो जुना नियम आपला पुढेच. डावपेच म्हणूनही हे वापरता येतं: नको असलेला नियम रद्द करायला मतं मिळत नसतील तर त्यात एखादी निरुपद्रवी सुधारणा सुचवा. सगळे आनंदाने होकार देतील आणि नियम तळाला जाईल. मी हे ठरवून केलं असतं तर मला मानलं असतं. तसं काही नव्हतं.

नोंदवहीवालीने सामायिक प्रत उघडली, नियम २०६ मधला ‘दहा’ खोडून ‘पाच’ लिहिलं आणि प्रत बंद केली. क्रमांक तसाच. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण पुढचे चार डाव आम्ही पाचही जण तीच प्रत वाचत होतो आणि कुणाच्याही डोळ्याला ते खुपलं नाही.

ते खुपलं नाही याला एक कारणही आहे. ३१० आणि ३११ दोन्ही मंजूर झाले, त्यामुळे दंडाचा प्रश्नच आला नाही. ३१२ हा धाकट्याचा ठराव पडला, दोन होकार. प्रतीप्रमाणे हिशोब झाला: उणे पाच, अधिक सात, वजा पाच, म्हणजे उणे तीन. त्याने खांदे उडवले.

इथे एक मजा नोंदवून ठेवतो. दुसरी फेरी संपली की नियम २०३ आपोआप बदलतो. एकमताऐवजी साधं बहुमत पुरतं. मग २०३ चा क्रमांक बदलतो का? नाही. १०८ दुरुस्तीच्या ठरावाचा क्रमांक द्यायला सांगतो, आणि इथे ठरावच नाही. नियम बदलला, नाव तेच राहिलं. हे आम्हाला त्या दिवशी बरोबर सुचलं, त्यावर दहा मिनिटं रंगून चर्चाही झाली. मग शेजारच्या २०६ कडे कुणाचं लक्ष का गेलं नाही, देव जाणे.

३१३

तिसऱ्या फेरीत गणितवाल्याने हिशोब मांडला. ठरावांचे क्रमांक वाढतात तसे पडलेल्या ठरावाचेही गुण वाढतात. दंड पाचच राहिला तर ३२५ पासून पुढे, फक्त स्वतःचं मत मिळालं तरी सहा गुण मिळणार आणि पाच जाणार. म्हणजे कुणालाच न पटणारा ठराव मांडूनही फायदाच. ‘असा दंड ठेवून उपयोग काय?’ म्हणून त्याने तो काढूनच टाकायचा ठराव आणला. मी नकार दिला, कारण मला दंड हवा होता. वकिलानेही नकार दिला. ३०५ च्या हक्काने धाकटा सर्वांत शेवटी मत देणार होता; तोवर तीन होकार, दोन नकार झाले होते. बहुमताला चार लागतात. त्याने होकार दिला.

गणितवाल्याचे २२ च्या दोन तृतीयांश, जवळचा पूर्णांक १५. मंजूर ठरावाविरुद्ध मत देणाऱ्यांना नियम २०४ प्रमाणे प्रत्येकी दहा: मला दहा, वकिलाला दहा. मग तो निरोप आला.

वकिलाचं म्हणणं असं. ३०९ मंजूर झाल्यापासून २०६ नाही. ठरावात २०६ लिहिलं आहे. जे नाही ते रद्द होत नाही. दंडाचा नियम ३०९ जिवंत आहे. त्याच दमात त्याचं आणखी एक म्हणणं होतं की ठराव मतदानात जिंकला तो जिंकलाच, त्यामुळे २०४ चे दहा गुण त्याला आणि मला मिळालेच पाहिजेत. जिंकलेला पण काही न करणारा ठराव.

संपादिका भडकली. ‘सगळ्यांना माहीत होतं कुठला नियम. प्रतीत २०६ लिहिलंय. तूसुद्धा तेच वाचून नकार दिलास.’

यावर वकिलाचं उत्तर तयार होतं: ‘प्रत म्हणजे नियम नाही. नियम काय आहे ते १०८ सांगतो, आणि तो पक्का आहे.’

मला विचाराल तर इथे त्याच्यावर एक ठपका बसतो. नियम १११ नेमका यासाठीच आहे. ठराव संदिग्ध असेल, विसंगत असेल किंवा काहीच फरक न करणारा असेल, तर मतदानाआधी ते बोलायचं आणि सुधारणा सुचवायची. मांडणारा अंतिम मसुदा ठरवतो. वकील म्हणतो त्याला चूक मतदानानंतर दिसली. त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवावा असं वाटत नाही, आणि पूर्ण विश्वासही बसत नाही.

खरा घाव गणितवाल्याने घातला. त्याने १०८ चा सुरुवातीचा भाग पुढे केला: क्रमांक मिळतो तो ‘योग्य रीतीने मांडलेल्या’ ठरावाला. ‘नसलेल्या नियमाबद्दलचा ठराव योग्य रीतीने मांडलेला नसेल, तर त्याला ३१३ हा क्रमांकच मिळत नाही. क्रमांक नाही तर त्यातून २९१ काय वजा करणार? माझे पंधरा गेले. ठरावच नाही तर जिंकला कोण? तुझे दहाही गेले. आणि पुढचा ठराव ३१४ नाही, ३१३ आहे. आणि तो ठराव जर योग्य रीतीने मांडलेला असेल, तर त्याने काहीतरी केलंच असलं पाहिजे. काय केलं ते तू सांग.’

दोन दिवस वकिलाकडून काही आलं नाही.

पंचाचा निकाल

आता पंच कोण? पहिल्या खेळाडूच्या डावाला त्याच्या आधीचा, म्हणजे सहावा. धाकटा. ज्याच्या चौथ्या मताने ठराव मंजूर झाला, ज्याचे गुण या भांडणावर लटकले होते, तोच. नियमांत पंचाचा हितसंबंध वगैरे काही नाही. बाकी पाचांनी एकमताने उलटवला तरच त्याचा निकाल फिरतो.

त्याच्यासमोर दोन प्रश्न होते. एक, ३१३ ने काय रद्द केलं? दोन, ३१२ ला त्याचे स्वतःचे गुण किती झाले?

दुसरा प्रश्न गमतीदार होता. क्रमांक खरोखर बदलला असेल तर ३१२ च्या वेळी ३०४ हा ३०९ च्या वर होता, आणि मग उणे तीन चुकीचे. पण बरोबर काय? ३०४ चं वाक्य पुन्हा बघा: ‘गुण शून्याखाली जाणार नाहीत.’ ‘असणार नाहीत’ असं म्हटलेलं नाही. संपादिकेने हे बोट ठेवून दाखवलं. ‘असणार नाहीत’ असतं तर ३०९ मंजूर होताक्षणी त्याचे उणे पाच पुसून शून्य झाले असते, मग शून्य अधिक सात वजा पाच, म्हणजे दोन. ‘जाणार नाहीत’ म्हणजे खाली असलेला खालीच राहतो, फक्त नव्याने खाली उतरत नाही: उणे पाच अधिक सात म्हणजे दोन, दोनातून पाच जाताना शून्यावर थांबायचं. म्हणजे शून्य.

धाकट्याने निकाल लिहायला तीन दिवस घेतले. त्याचा सारांश असा:

क्रमांक १०८ मुळे बदलतो, प्रतीमुळे नाही. प्रतीत लिहायचं राहिलं म्हणून बदल थांबत नाही. म्हणून ३०९ हा ३०४ च्या खाली होता. ‘जाणार’ म्हणजे जाणार. त्याचे स्वतःचे गुण शून्य. (दोन घेता आले असते, त्याने घेतले नाहीत.)

ठरावातला ‘२०६’ हा शब्द मात्र निर्देश आहे. सहाही खेळाडूंनी ज्या प्रतीवरून मत दिलं त्या प्रतीत त्या खुणेचा एकच नियम होता. दुसरा कुठलाही नियम त्यातून सुचत नाही. म्हणून ३१३ ने नियम ३०९ रद्द झाला. ठराव योग्य, क्रमांक योग्य, गुण योग्य.

वकील लगेच म्हणाला की एकाच निकालात दोन मापं लावली आहेत: पायरीसाठी १०८ चा क्रमांक, नावासाठी प्रतीतला. ‘एक काहीतरी ठरव.’ उलटवायला पाच मतं हवी होती, त्याला स्वतःचं एकच मिळालं.

वकिलाचा आक्षेप खरा आहे आणि तरीही मला निकाल बरोबर वाटतो. दोन मापं लागली कारण कामंच दोन आहेत. पायरी ही नियमाची स्थिती आहे. ती माहीत असो नसो, असते. नाव माणसांनी एकमेकांशी बोलण्यासाठी असतं. ज्या नावाने सगळे हाक मारतात आणि एकच जण वळून बघतो, ते नाव चाललं. सबरने दोन्ही कामं एकाच आकड्यावर लादली, आणि त्यातही दुरुस्तीसरशी बदलणाऱ्या आकड्यावर. धाकट्याने ती दोन्ही कामं वेगळी केली. तसं शब्दांत त्याने म्हटलं नाही, केलं मात्र तेच.

सबरच्या पद्धतीत काहीच अर्थ नाही असं नाही. तिचा गुण असा की क्रमांक बघून इतिहास कळतो. ‘नियम ३०९’ म्हटलं की ठराव ३०९ काढायचा, सध्याचा मजकूर कुणी, कधी, किती मतांनी आणला ते तिथे आहे. इंटरनेटचे ‘आरएफसी’ नावाचे तांत्रिक दस्तऐवज असेच चालतात. वेबच्या एचटीटीपी पद्धतीचा १९९९ चा आरएफसी २६१६ सुधारला गेला तेव्हा २०१४ मध्ये त्याची जागा ७२३० पासूनच्या सहा दस्तऐवजांनी घेतली आणि २०२२ मध्ये ९११० वगैरे आले. जुना आकडा कधी पुन्हा वापरत नाहीत. पण तिथे लहान आकडा मोठ्याला हरवत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतही दुरुस्त्या ओळीने मागे जोडल्या जातात. दारूबंदीची अठरावी आणि ती रद्द करणारी १९३३ ची एकविसावी दोन्ही आजही छापलेल्या आहेत. तिथे नंतरचं आधीच्याला मोडतं, आमच्या २११ च्या अगदी उलट. इतिहास दाखवणारा क्रमांक चालतो, पायरी ठरवणारा क्रमांकही चालतो. एकाच क्रमांकाने दोन्ही करायचं म्हटलं की दुरुस्तीची शिक्षा होते.

१९९३ पासून आजही चालू असलेला ‘अगोरा’ हा नोमिक खेळ या वाटेने कधीच पुढे गेला आहे. तिथे नियमाचा क्रमांक दुरुस्तीने बदलत नाही; तिरक्या रेघेपुढे कितवी आवृत्ती ते येतं. आणि नियमाला वेगळी ‘ताकद’ दिलेली असते. भांडण आधी ताकदीवर सुटतं, ती सारखी असेल तरच क्रमांकावर. आम्ही हे आधी वाचलं असतं तर नऊ दिवस वाचले असते. अर्थात खेळलो त्यातली सर्वांत चांगली मजा त्या नऊ दिवसांतच आली, हेही खरं.

दुरुस्ती आणि तिचा स्वतःचा क्रमांक

१०८ पक्का. आधी तो कच्चा करायला हवा, तोही एकमताने. संपादिकेने ३१४ मांडला आणि सहाच्या सहा होकार आले. वकीलही कंटाळला असावा. पण १०८ चं स्वतःचं म्हणणं असं की कच्चा झालेल्या नियमाला त्या ठरावाचा क्रमांक लागतो. म्हणून क्रमांक देणारा नियम स्वतःच नियम ३१४ झाला, आणि सगळ्या कच्च्या नियमांत सर्वांत खाली. एक अख्खा डाव आमच्या खेळातला सगळ्यांत दुबळा नियम म्हणजे क्रमांकांचा नियम होता. साध्या बहुमताने कुणीही तो उडवू शकलं असतं.

पुढचा डाव माझा. ३१५: दुरुस्तीने नियमाचा क्रमांक बदलणार नाही, क्रमांकापुढे तिरकी रेघ आणि दुरुस्त्यांची संख्या लिहावी. मी खूश होतो. या वेळी वकिलाने मतदानाआधी हात वर केला, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

‘हा मंजूर झाला की या नियमाचा क्रमांक काय? जुना मजकूर म्हणतो दुरुस्त नियमाला दुरुस्तीचा क्रमांक, म्हणजे ३१५. नवा म्हणतो क्रमांक बदलत नाही, म्हणजे ३१४. मतदान संपतं त्याच क्षणी बदल लागू होतो. त्या क्षणी दोघांतला कोण बोलतो?’

मी बराच वेळ बघत बसलो. दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो आणि कुठलीच बाजू हरत नाही. सबरने असल्या कोंडीसाठीही नियम ठेवला आहे: चाल कायदेशीर आणि बेकायदेशीर सारखीच दिसू लागली, तर ज्याला डाव पुरा करता येत नाही तो पहिला खेळाडू जिंकतो. म्हणजे तोंड बंद ठेवून मत पडू दिलं असतं, तर कदाचित मी जिंकलो असतो. ते मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या दिवशी मी शहाण्या मुलासारखं मसुद्यात एक वाक्य घातलं: ‘ही दुरुस्ती मंजूर झाल्यावर या नियमाचा क्रमांक ३१५ राहील.’

पाच होकार, एक नकार. नकार वकिलाचा; तो म्हणाला की दहा गुण कोण सोडतो. माझे वीस, एकूण ४४.

नोंदवहीवालीने त्याच रात्री प्रत नव्याने लिहिली. प्रत्येक नियमापुढे कंसात जुनं नाव, मंजुरीचा ठराव आणि मतं. ३०३, ३०६, ३१२ अशा पडलेल्या ठरावांच्या जागी तिने रिकाम्या ओळी सोडल्या आणि बाजूला ‘पडला’ लिहिलं, म्हणजे मधला आकडा कुठे गेला असं कुणी विचारू नये. लिहिता लिहिता ती ३०५ पाशी थांबली आणि तिने आम्हा सगळ्यांना विचारलं: ‘“नियम २०६ खाली गुण गमावलेल्या खेळाडूला” शेवटी मत देण्याचा हक्क. ३१२ ला दंड झाला तेव्हा २०६ नव्हताच, ३०९ होता. मग ३१३ ला धाकटा शेवटी मत द्यायला आला तो कुठल्या नियमाने?’

वकील टाइप करतोय असं दिसलं, मग थांबला, मग पुन्हा दिसलं.